फ्रॉइड–फ्लीस पत्रव्यवहार

मनोविश्लेषणाचा प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने बर्लिनमधील आपला मित्र व नासारोगतज्ञ व्हिल्हेल्म फ्लीस (१८५८–१९२८) यास १८८७ ते १९०४ या काळात लिहिलेली खाजगी पत्रे आणि त्यांसोबत धाडलेले टिपणवजा मसुदे. मनोविश्लेषणाच्या [→ मनोविश्लेषण] जडणघडणीचा हा सर्वांत महत्त्वाचा समकालीन पुरावा होय. अबोध मन, निरोधन, स्वप्नांचा अर्थ, ईडिपस गंड, बालवयातील लैंगिकता इ. संकल्पना ग्रंथरूपाने मांडल्या जाण्यापूर्वी या पत्रांत कच्च्या, बदलत्या व अनेकदा परस्परविरोधी रूपात आढळतात. पत्रव्यवहाराची एकच बाजू उपलब्ध आहे. फ्लीसची बहुतेक पत्रे नाहीशी झाली असून ती फ्रॉइडनेच नष्ट केली असावीत, असे मानले जाते. त्यामुळे वाचकासमोर बोलणारा आहे, पण ऐकणारा नाही. या पत्रांचे कोणतेही मूल्यमापन ही मर्यादा ध्यानात घेऊनच करावे लागते.

मैत्रीची पार्श्वभूमी : १८८७ च्या शरद ऋतूत फ्लीस अधिक अध्ययनासाठी व्हिएन्नास आला असता, योझेफ ब्रॉइअर या ज्येष्ठ वैद्याच्या सूचनेवरून तो फ्रॉइडच्या व्याख्यानांस उपस्थित राहिला. फ्रॉइडचे पहिले पत्र २४ नोव्हेंबर १८८७ चे आहे. आरंभी पत्रांचा सूर औपचारिक आहे. परंतु १८९२ च्या सुमारास संबोधन एकेरीवर आले आणि पुढील आठ-नऊ वर्षांत फ्लीस हा फ्रॉइडचा सर्वांत जवळचा विश्वासू ठरला. दोघेही ज्यू मध्यमवर्गातील, दोघेही खाजगी व्यवसाय करणारे आणि विद्यापीठीय प्रतिष्ठेच्या कडेला असलेले होते. ब्रॉइअरशी फ्रॉइडचे संबंध दुरावत चालले होते आणि मज्जाविकृतींचे मूळ लैंगिक जीवनात असते हे त्याचे मत व्हिएन्नातील वैद्यकवर्तुळात रुचत नव्हते. अशा वेळी दूरच्या शहरातील एक मित्र हाच त्याचा श्रोतृवर्ग बनला. दोघे अधूनमधून एखाद्या गावी दोन-तीन दिवसांसाठी भेटत. या दोघांच्याच भेटींना फ्रॉइड थट्टेने ‘काँग्रेस’ म्हणत असे.

फ्लीसची स्वतःची मते आज शास्त्रीय दृष्ट्या टाकाऊ ठरली आहेत. नाक व जननेंद्रिये यांचा घनिष्ठ संबंध असतो आणि मानवी जीवनातील आजार, जन्म व मृत्यू हे २३ व २८ दिवसांच्या आवर्तनांनी नियंत्रित होतात, असे तो प्रतिपादन करी. नाक व स्त्री-जननेंद्रिये यांच्या संबंधांवरील त्याचा ग्रंथ १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रॉइडने ही गणिते दीर्घकाळ गंभीरपणे घेतली. २३ आणि २८ यांची बेरीज ५१ होते म्हणून त्या वयात आपणास मृत्यू येईल, अशी धास्तीही त्याने बाळगली. मात्र फ्लीसच्या विचारातील एक सूत्र टिकले. प्रत्येक व्यक्तीत स्त्री व पुरुष या दोन्ही प्रवृत्ती असतात, ही उभयलिंगतेची कल्पना मनोविश्लेषणाच्या पायात बसली.

पत्रांतून घडलेले सिद्धांत : सप्टेंबर १८९५ मध्ये बर्लिनहून परतताना फ्रॉइडने आगगाडीतच एक विस्तृत प्रबंध लिहावयास घेतला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या वह्या फ्लीसकडे पाठविल्या. मनोव्यापारांचे स्पष्टीकरण मज्जापेशी व त्यांतून वाहणारी ऊर्जा यांच्या भाषेत करण्याचा हा प्रयत्न होता. काही आठवड्यांतच फ्रॉइडचे त्यावरील मन उडाले व त्याने तो कधीही प्रसिद्ध केला नाही; तथापि ऊर्जेची साठवण, तिचे निस्सरण, प्राथमिक व दुय्यम मनोव्यापार या त्यातील कल्पना पुढील ग्रंथांत शरीरशास्त्राचा वेश टाकून पुन्हा अवतरल्या. ६ डिसेंबर १८९६ च्या पत्रात स्मृतीविषयी एक मूलगामी विचार आढळतो. स्मृती ही एकदाच कोरली जात नसून आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर ती नव्याने लिहिली जाते आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर होणारे हे भाषांतर जेथे अडते तेथे निरोधन असते, असे तो सुचवितो. मनोव्यापारासाठी लेखनाची उपमा पत्रलेखकाला सुचावी, हा निव्वळ योगायोग नसावा.

सर्वाधिक चर्चा झालेले पत्र २१ सप्टेंबर १८९७ चे आहे. उन्मादाच्या प्रत्येक रुग्णाचे बालपणी लैंगिक शोषण झालेले असते, हे मत फ्रॉइडने १८९६ मध्ये जाहीरपणे मांडले होते. आपला त्यावर विश्वास उरला नसल्याची कबुली त्याने प्रथम फ्लीसला दिली. एकाही रुग्णाचे विश्लेषण समाधानकारकपणे पूर्ण झाले नाही. सिद्धांत खरा मानल्यास इतक्या साऱ्या पित्यांना, स्वतःच्या पित्यासकट, दोषी धरावे लागते. आणि अबोध मनात वास्तव व कल्पित यांत भेद करणारी खूण नसते, ही त्याने दिलेली कारणे होत. आश्चर्य असे, की एवढी मोठी इमारत कोसळल्यावरही पत्राचा सूर पराभवाचा नाही. पुढे चार आठवड्यांच्या आतच, १५ ऑक्टोबरच्या पत्रात, आईविषयीचे प्रेम व बापाविषयीचा मत्सर ही भावना आपणास स्वतःत आढळल्याचे तो लिहितो आणि तिची सांगड सॉफोक्लीझच्या ईडिपस नाटकाशी व शेक्सपिअरच्या हॅम्लेटशी घालतो. पुढे जगभर गाजलेल्या एका सिद्धांताचा जन्म अशा रीतीने एका पत्राच्या मजकुरात झाला.

आत्मविश्लेषण व श्रोता : फ्रॉइडचे वडील याकोप हे ऑक्टोबर १८९६ मध्ये निवर्तले. त्यानंतर त्याने स्वतःच्या स्वप्नांची व बालस्मृतींची जी पद्धतशीर छाननी केली, तिला ‘आत्मविश्लेषण’ म्हटले जाते. परंपरेने हे एकाकी वीराचे साहस म्हणून रंगविण्यात आले आहे. पत्रांतील चित्र निराळे आहे. स्वप्ने लिहून पाठविली जात, उत्तराची वाट पाहिली जाई, उत्तर लांबले की लेखन अडे. नोव्हेंबर १८९७ मध्ये तर फ्रॉइडनेच नोंदविले, की खरे आत्मविश्लेषण अशक्य आहे. परक्या माणसाप्रमाणे बाहेरून मिळालेल्या ज्ञानाच्या आधारेच आपण स्वतःला तपासू शकतो. फ्लीस हा या अर्थाने त्या ‘परक्या माणसा’च्या जागी होता. तो जवळचा होता, पण समोर नव्हता. तो ऐकत होता, पण लगेच न्याय देत नव्हता. आणि लेखकाने त्याच्या ठायी स्वतःच्या गरजेनुसार शहाणपण व अधिकार आरोपिले होते. विश्लेषक व रुग्ण यांच्या नात्याचे वर्णन पुढे भावसंक्रमण या नावाने करण्यात आले. त्याची पहिली प्रयोगशाळा हा पत्रव्यवहारच होता, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

श्रोता हा संपादकही होता. नोव्हेंबर १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व मुखपृष्ठावर १९०० हे साल असलेल्या स्वप्नविषयक ग्रंथाची प्रकरणे फ्लीसने छपाईपूर्वी वाचली. त्याच्या आक्षेपावरून फ्रॉइडने स्वतःचे एक संपूर्ण विश्लेषिलेले स्वप्न १८९८ मध्ये वगळले आणि त्याची हळहळ नंतरच्या पत्रांत व्यक्त केली. दूर राहणाऱ्या मित्रापाशी भेटीपेक्षा पत्रातून अधिक मोकळे होणारे मन मराठी वाचकाला अपरिचित नाही, जी. ए. कुलकर्णी यांची मरणोत्तर प्रसिद्ध झालेली पत्रे त्याची साक्ष देतात. फरक एवढाच, की तेथे पत्रांतून एक लेखक उलगडतो, येथे एक शास्त्र उभे राहते. आणि शास्त्राला लेखकापेक्षा कठोर कसोट्या लागू होतात.

एमा एक्स्टाइन प्रकरण : या कसोट्यांपैकी सर्वांत कठोर कसोटी १८९५ मध्ये आली. एमा एक्स्टाइन ही फ्रॉइडची रुग्ण होती. नाकाच्या शस्त्रक्रियेने तिच्या तक्रारी दूर होतील, या फ्लीसच्या मतानुसार त्याने व्हिएन्नास येऊन तिच्यावर शस्त्रक्रिया केली व तो बर्लिनला परतला. दुर्गंधी, सूज व रक्तस्राव सुरू झाल्यावर मार्चमध्ये दुसऱ्या शल्यचिकित्सकाने तपासणी केली, तेव्हा जखमेच्या पोकळीत राहून गेलेली सुमारे अर्धा मीटर लांबीची कापडी पट्टी बाहेर निघाली. ती ओढताच एवढा रक्तस्राव झाला, की रुग्णाच्या जिवावर बेतले. ते दृश्य पाहून फ्रॉइडला घेरी आली. हा सारा वृत्तांत त्याने ८ मार्चच्या पत्रात प्रामाणिकपणे दिला, परंतु त्याच पत्रापासून मित्राला दोषमुक्त करण्याची धडपडही सुरू होते. वर्षभराने, १८९६ च्या वसंतात, एमाचा रक्तस्राव उन्मादजन्य होता, इतरांचे प्रेम व लक्ष मिळविण्याच्या इच्छेतून तो झाला, असे स्पष्टीकरण त्याने फ्लीसला कळविले.

या प्रकरणाचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. वैद्याच्या हातून झालेली इजा येथे रुग्णाच्या इच्छेचे लक्षण ठरविली गेली. जुलै १८९५ मधील ‘इर्मा’च्या स्वप्नाचे विश्लेषण फ्रॉइडच्या ग्रंथात आदर्श नमुना म्हणून येते, त्यात वैद्यकीय हलगर्जीपणाचा आरोप व त्यातून सुटका हेच सूत्र आहे, पण शस्त्रक्रियेचा उल्लेख नाही. फ्रॉइडचा वैद्य माक्स शूर याने १९६६ मध्ये अप्रकाशित पत्रांच्या आधारे हा दुवा उघड केला. मैत्रीने फ्रॉइडला बोलण्याचे धैर्य दिले, हे जितके खरे, तितकेच मैत्री टिकविण्यासाठी त्याने एका स्त्रीची साक्ष बाजूला सारली, हेही खरे. एमा एक्स्टाइन पुढे स्वतः मनोविश्लेषणात्मक उपचार करू लागली, या गोष्टीने प्रकरणाची गुंतागुंत वाढते. दोष मात्र कमी होत नाही.

मैत्रीचा शेवट : ऑगस्ट १९०० मध्ये आखेनझे येथे झालेली भेट अखेरची ठरली. फ्रॉइड हा मनोवाचक असून इतरांच्या मनात आपलेच विचार वाचतो, असा आक्षेप फ्लीसने घेतला. मनोविश्लेषणाच्या शास्त्रीयतेविषयी विसाव्या शतकात जी टीका झाली, तिचे बीज या मित्राच्या वाक्यात आहे. १९०३ मध्ये ऑटो वाइनिंगरच्या ग्रंथात उभयलिंगतेची कल्पना प्रसिद्ध झाली. ती वाइनिंगरचा मित्र व फ्रॉइडचा रुग्ण हेर्मान स्वोबोडा याच्या द्वारे, म्हणजे अखेर फ्रॉइडकडूनच, बाहेर गेली असा संशय फ्लीसला आला. १९०४ च्या उन्हाळ्यातील कटू पत्रांनंतर पत्रव्यवहार थांबला. खाजगी विचार कोणाच्या मालकीचा, या प्रश्नावर ही मैत्री तुटली.

पत्रांचे जतन व प्रकाशन : फ्लीसच्या निधनानंतर त्याच्या पत्नीकडील ही पत्रे एका ग्रंथविक्रेत्याकडे आली. त्याने १९३६ च्या अखेरीस ती फ्रॉइडची शिष्या मारी बोनापार्त हिला पॅरिसमध्ये विकली. ती भावी पिढ्यांच्या हाती पडू नयेत, अशी फ्रॉइडची इच्छा होती व त्यासाठी निम्मी किंमत देण्याची तयारीही त्याने दाखविली. शिष्येने गुरूची ही आज्ञा मोडली. व्हिएन्नातील बँकेत ठेवलेली पत्रे नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर, १९३८ मध्ये, तिने आपल्या राजघराण्यातील स्थानाच्या बळावर सोडविली. पॅरिसमधील डॅनिश वकिलातीतून, जलरोधक वेष्टनात बांधून, सुरुंग पेरलेल्या इंग्लिश खाडीतून ती लंडनला पोहोचली.

बोनापार्त, ॲना फ्रॉइड व अर्न्स्ट क्रिस यांनी संपादिलेली पहिली जर्मन आवृत्ती १९५० मध्ये लंडनहून निघाली. इंग्रजी भाषांतर १९५४ मध्ये आले. संपादकांसमोरील २८४ पत्रांपैकी १६८ च तीत समाविष्ट होती व त्यांतीलही अनेक परिच्छेद गाळलेले होते. एक्स्टाइन प्रकरण जवळजवळ पूर्णतः वगळले गेले. दोषी पित्यांत आपल्या पित्याचाही समावेश करावा लागतो, हा २१ सप्टेंबरच्या पत्रातील उल्लेखही गाळला गेला. जेफ्री मॅसन याने संपादिलेली संपूर्ण आवृत्ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. बालकांच्या लैंगिक शोषणाचे सत्य फ्रॉइडने धैर्याअभावी दडपले, असा आरोप मॅसनने १९८४ मधील ग्रंथात केला. तो अतिशयोक्त आहे. १८९७ नंतरही अशा घटना प्रत्यक्षात घडतात हे फ्रॉइडने नाकारले नव्हते. तथापि रुग्णाच्या कथनाकडे कल्पित म्हणून पाहण्याची सवय या शास्त्राला कोठून लागली, हा मॅसनने उपस्थित केलेला प्रश्न रास्त होता.

सिद्धांताची व्याप्ती व भारतीय संदर्भ : ३१ मे १८९७ च्या पत्रासोबतच्या मसुद्यात फ्रॉइडने एक सूचक विधान केले आहे. अगम्यगमन समाजविघातक असते आणि त्याचा त्याग करीत जाणे म्हणजेच संस्कृती, असा त्याचा आशय आहे. या खाजगी टिपणाचा विस्तार टोटेम अँड टॅबू (१९१३) या ग्रंथात झाला व व्हिएन्नातील एका कुटुंबाचा त्रिकोण मानवजातीचा आदिम इतिहास बनला. दोन मित्रांतील संवादात उपजलेला सिद्धांत सर्व समाजांना लागू होतो काय, हा प्रश्न येथे उद्‌भवतो. आणि त्याचा पहिला भारतीय प्रतिवादही पत्रांतूनच झाला. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांनी १९२१ मध्ये निरोधनावरील आपला प्रबंध फ्रॉइडला पाठविला, १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली व १९३७ पर्यंत पत्रव्यवहार चालू ठेवला. दोघांची भेट कधीच झाली नाही. शिश्नच्छेदाच्या भीतीपेक्षा स्त्री होण्याची अबोध इच्छा अधिक मूलभूत असते, हे मत बोस यांनी १९२९ मध्ये मांडले. भारतीय व युरोपीय रुग्णांतील फरक फ्रॉइडने लक्षणीय मानला. आपल्या सिद्धांतात मात्र त्याने त्यानुसार बदल केला नाही.

बोस यांचे रुग्ण शहरी व सुशिक्षित होते. फ्रॉइडने ज्यांना ‘आदिम’ म्हटले, ते समाज महाराष्ट्रात पाहावयाचे तर चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रदेशांतील गोंड व माडिया यांच्याकडे वळावे लागते. गोंडांत देवांच्या संख्येवरून चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे कुलसमूह असून समान समूहात विवाह निषिद्ध असतो. उलट मामाच्या किंवा आत्याच्या अपत्याशी विवाह इष्ट मानला जातो. येथील निषेध केवळ आई-बाप-मूल या त्रिकोणाने उलगडत नाही; कोण भाऊबंद व कोण सोयरे याची संपूर्ण समाजाला व्यापणारी मांडणी त्यामागे आहे. भामरागड व एटापल्ली भागांतील माडिया गावात गोटुल ही सर्व गावाची वास्तू असते व तरुणांचे संगोपन हा एकट्या पित्याचा अधिकार राहत नाही. शेजारच्या बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावर व्हेरिअर एल्विन याने १९४७ मध्ये विस्तृत ग्रंथ लिहिला. तेथील प्रथा वेगळी असल्याने त्याचे निष्कर्ष माडियांना सरसकट लावता येत नाहीत. त्याच्या सामग्रीवरून एवढे मात्र दिसते, की तारुण्यातील लैंगिकता गुपितात ढकलली जाणे, ही मानवी जीवनाची अटळ अवस्था नाही.

याहून मूलभूत भेद सांगण्याच्या रीतीत आहे. फ्रॉइडचे पत्र बंद लिफाफ्यातून एकाच माणसाकडे जाई. त्यासाठी साक्षरता, टपालव्यवस्था, स्वतंत्र खोली आणि लपविण्याजोगे खाजगी जीवन यांची गरज होती. वनप्रदेशातील गावात आजारी माणसाचे दुखणे पुजाऱ्यासमोर, नातलगांच्या उपस्थितीत मांडले जाते. कारण शोधले जाते तेही रुसलेला देव, पूर्वज वा बिघडलेले नाते यांत. अशा समाजात मनाचे दुःख नसते असे नव्हे. ते बोलण्याची जागा निराळी असते. गुपिताच्या संस्कृतीत घडलेल्या शास्त्राने ही जागा ‘आदिम’ म्हणून मागे टाकली. तेथील माणसांचे मन जाणून घ्यावयाचे तर ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या साक्षीने समजून घ्यावे लागेल. व्हिएन्नातील पत्रे त्याचे उत्तर आधीच देऊ शकत नाहीत.

मूल्यमापन : या पत्रांकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या दृष्टी रूढ आहेत. एका मते फ्लीस ही प्रतिभावंताची तात्पुरती भ्रांती होती व ती ओसरल्यावर शुद्ध शास्त्र उरले. दुसऱ्या मते पत्रांतील चुका, आडाखे व पक्षपात यांमुळे सारे शास्त्रच बाद ठरते. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. पत्रांनी फ्रॉइडला चुकण्याची मुभा दिली, आणि ती मुभा नसती तर १८९७ ची कबुलीही शक्य नव्हती. परंतु ज्या बंद दाराआड ही मुभा मिळाली, त्याच दाराबाहेर एमा एक्स्टाइन राहिली. मनोविश्लेषणाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा उगम असा एकाच ठिकाणी आहे. एका माणसाने दुसऱ्याचे मनापासून ऐकले तर दुःखाला अर्थ सापडतो, हा या शास्त्राचा ठेवा होय. ऐकणारा कोण, आणि कोणाचे ऐकले गेले नाही, हा प्रश्न त्याला सतत विचारीत राहणे, हे या पत्रांच्या वाचनाचे प्रयोजन ठरते.